हॉस्पिटलच्या बेडजवळची स्क्रीन खरं सांगतेय का? 'रिफ्रेश'चा साधा वाटणारा, पण अवघड प्रश्न

२० ऑक्टोबर २०२५. ऐन दिवाळीत, आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते, तेव्हा ॲमेझॉनची क्लाउड सेवा एडब्ल्यूएस अडखळली आणि स्नॅपचॅट, सिग्नलसारखी ॲप्स जगभर बंद पडली. महिना उलटतो न उलटतो तोच १८ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअर कोसळलं. चॅटजीपीटी उघडेना, एक्स उघडेना. दोन्ही वेळेला पहिली शंका एकच होती: हॅकिंग झालं का?

झालं नव्हतं. दोन्ही कंपन्यांनी नंतर सविस्तर अहवाल दिले. एका ठिकाणी जुन्या माहितीने नव्या माहितीला पुसून टाकलं, दुसऱ्या ठिकाणी 'ताजी' म्हणून पाठवलेली माहितीच बिघडलेली होती. म्हणजे मूळ प्रश्न एकच: माहितीची प्रत ताजी कशी ठेवायची आणि ती ताजी आहे हे कसं ओळखायचं?

मी बॅकएंड इंजिनिअर आहे. या प्रश्नाशी माझी रोज गाठ पडते. स्नॅपचॅट तीन तास बंद पडल्याने कुणाचं फार बिघडत नाही. पण हाच प्रश्न अशा एका ठिकाणी आहे जिथे त्याची किंमत जास्त आहे आणि चर्चा जवळपास शून्य: हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या बेडजवळ लावलेली स्क्रीन.

ही स्क्रीन नेमकी काय करते?

मोठ्या खासगी हॉस्पिटलांच्या रूममध्ये आता नुसता टीव्ही नसतो. टॅब्लेट किंवा स्मार्ट टीव्ही असतो. त्यावर सिनेमे, गाणी, गेम्स असतात. शिवाय आज तुमचे डॉक्टर कोण, ड्युटीवर सिस्टर कोण, दुपारी जेवायला काय, कुठली तपासणी कधी, हेही दिसतं. काही ठिकाणी जेवणाची ऑर्डर तिथूनच देता येते, रिपोर्टही तिथेच दिसतात.

कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने, म्हणजे एनएचएसने, २००० सालच्या योजनेत ठरवलं होतं की २००४ पर्यंत प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात बेडजवळ टीव्ही आणि टेलिफोन असेल. पेशंटलाइन नावाच्या कंपनीने हजारो बेडना स्क्रीन लावल्या. पण खर्च पेशंटच्या नातेवाइकांकडून वसूल व्हायचा. पेशंटला फोन लावायचा तर गर्दीच्या वेळेत मिनिटाला ४९ पेन्स. त्यावर ओरड झाली, तिथल्या दूरसंचार नियामकाने चौकशी केली आणि कंपनी कर्जात बुडाली. तेव्हाचा वाद पैशांचा होता, कारण स्क्रीनवर होता फक्त टीव्ही आणि फोन. आज त्याच स्क्रीनवर तुमची वैद्यकीय माहिती आहे. त्यामुळे आजचा वाद वेगळा असायला हवा.

आधी कॅशे समजून घेऊ

फोनच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर कॅशे' हे बटण तुम्ही नक्की दाबलं असेल. उच्चार 'कॅश' असाच होतो, पण पैशांशी गल्लत नको म्हणून मी इथे कॅशे लिहितोय.

कॅशे म्हणजे जवळ ठेवलेली प्रत. व्हॉट्सॲपवर मित्राचा डीपी बघायला दर वेळी सर्व्हरपर्यंत जावं लागत नाही, फोनमध्ये एक प्रत पडलेली असते. म्हणून मित्राने डीपी बदलला तरी तुम्हाला थोडा वेळ जुनाच दिसतो. त्याचं कुणी मनावर घेत नाही.

हॉस्पिटलमध्ये कॅशे लागतोच. हिशोब करून बघा. ५०० बेड, प्रत्येक स्क्रीनवर सहा प्रकारची माहिती आणि ती दर ३० सेकंदांनी विचारायची. म्हणजे सेकंदाला सरासरी १०० विनंत्या, चोवीस तास. हॉस्पिटलच्या ज्या मुख्य सिस्टीमवर सिस्टर औषधं नोंदवतेय आणि कॅज्युअल्टीमध्ये नवीन पेशंटची नोंद होतेय, त्याच सिस्टीमवर हा भार पडणार. मनोरंजनाच्या स्क्रीनमुळे कॅज्युअल्टीतली नोंद अडकली, हे कुणालाच परवडणार नाही. म्हणून मध्ये एक सर्व्हर ठेवतात, तो मुख्य सिस्टीमकडून माहिती घेऊन प्रत ठेवतो आणि सगळ्या स्क्रीनना देतो. वॉर्डातलं वायफाय गेलं तरी चालावं म्हणून टॅब्लेटमध्येही एक प्रत असते.

म्हणजे पेशंट जे बघतोय ती मूळ नोंद नसते. ती प्रतीची प्रत असते.

सगळी माहिती एकाच वयाची नसते

माझ्या मते खरी गोम इथे आहे. एकाच स्क्रीनवर चार वेगवेगळ्या स्वभावाच्या गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

सिनेमांची यादी आठवडाभर जुनी असली तरी चालते. कँटीनचा मेनू एक दिवस जुना असेल तर चिडचिड होईल, इतकंच. ड्युटीवरच्या सिस्टरचं नाव एक शिफ्ट जुनं असेल तर गोंधळ होईल. पण पेशंटचा आहार, ॲलर्जी, तपासणीची वेळ? ही माहिती अर्धा तास जुनी असली तरी नुकसान होऊ शकतं.

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात माझी काकू ॲडमिट होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. बेडच्या डोक्याशी कागद लावलेला: एनबीएम, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि समोरच्या स्क्रीनवर छान रंगीत अक्षरांत दुपारचं जेवण: मऊ भात, वरण. मी सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिकडे लक्ष देऊ नका हो, तो टीव्ही नेहमीच मागे असतो."

सिस्टर बरोबर होत्या आणि काकूला कुणी भात दिलाही नाही. पण गावाहून आलेला नातेवाईक कागदावरचं इंग्रजी एनबीएम वाचेल की स्क्रीनवरचं मराठी 'मऊ भात'? ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात कारण भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. चुकून कुणी दोन घास भरवले तर निदान ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं.

आणि 'लक्ष देऊ नका' हेच जर स्टाफचं उत्तर असेल, तर ती स्क्रीन लावून मिळवलं काय?

रिफ्रेश करायचे तीन मार्ग

पहिला मार्ग घड्याळाचा. प्रत्येक प्रतीला आयुष्य ठरवून द्यायचं: पाच मिनिटं, एक तास, एक दिवस. वेळ संपली की प्रत फेकायची, नवी आणायची. सोपं आहे, म्हणून सगळे हेच वापरतात. पण आयुष्य एक तासाचं ठेवलं आणि आहार दुसऱ्याच मिनिटाला बदलला, तर पुढची ५८ मिनिटं स्क्रीन चुकीचंच सांगणार, तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

दुसरा मार्ग निरोपाचा. मूळ नोंद बदलली की मुख्य सिस्टीमनेच सांगायचं, 'हे बदललंय, जुनी प्रत टाकून दे'. हॉस्पिटलांच्या सिस्टीम एकमेकींशी बोलायला एचएल७ नावाचं मानक वापरतात. त्यात ॲडमिट झाला, दुसऱ्या बेडवर हलवला, डिस्चार्ज झाला, माहिती दुरुस्त केली, अशा प्रत्येक घटनेचा ठरावीक निरोप असतो. हा मार्ग सर्वात जलद. अडचण एकच: निरोप हरवला तर? नेटवर्क दोन मिनिटं गेलं, तेवढ्यात डिस्चार्जचा निरोप आला आणि गायब झाला, तर स्क्रीनला कधीच कळणार नाही.

तिसरा मार्ग विचारण्याचा. प्रतीवर एक शिक्का असतो, वेबच्या भाषेत ईटॅग. स्क्रीन फक्त शिक्का पाठवून विचारते, 'माझ्याकडे ही आवृत्ती आहे, बदललंय का?' उत्तर 'नाही' असेल तर काही आणावं लागत नाही, भार कमी पडतो.

व्यवहारात तिन्ही एकत्र लागतात. निरोप आला तर लगेच बदल. नाही आला तरी घड्याळ आहेच. आणि पेशंट स्क्रीनला हात लावेल तेव्हा एकदा विचारून घ्यायचं. एकाच मार्गावर विसंबणारी सिस्टीम आज ना उद्या खोटं बोलणारच.

आणखी एक बारीक गोष्ट. सकाळी आठला शिफ्ट बदलते. सगळ्या प्रतींचं आयुष्य बरोबर आठला संपेल असं ठेवलं, तर वरच्या हिशोबातल्या ५०० स्क्रीन एकाच क्षणी ३,००० विनंत्या घेऊन धावतील, तेही मुख्य सिस्टीम सर्वात व्यग्र असताना. उपाय सोपा: प्रत्येक स्क्रीनच्या वेळेत थोडा फरक ठेवायचा. कुणी ७:५६ ला विचारेल, कुणी ८:०३ ला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरने काय शिकवलं?

एडब्ल्यूएसमध्ये काय झालं ते थोडक्यात बघू. कुठला सर्व्हर कुठल्या पत्त्यावर आहे याची यादी अपडेट करणारे दोन प्रोग्रॅम शेजारी शेजारी काम करत होते. त्यातला एक फार रेंगाळला. 'माझ्याकडची यादी आधीच्यापेक्षा नवीन आहे ना?' ही तपासणी त्याने सुरुवातीला केली होती. प्रत्यक्ष लिहायची वेळ आली तोवर दुसऱ्याने त्याहून नवी यादी लावलेली होती. पहिल्याने ती पुसून आपली जुनी यादी लावली. मग साफसफाई करणाऱ्या भागाला दिसलं की ही यादी तर फार जुनी आहे, म्हणून त्याने ती उडवली. पत्त्याच्या जागी शिल्लक काहीच राहिलं नाही.

आता हेच वॉर्डात आणून बघा. सकाळी ९:०० ला आहार 'मऊ भात'. ९:१० ला डॉक्टर राऊंडला येतात आणि 'एनबीएम' लिहितात. नेटवर्कमध्ये पहिला निरोप अडकतो, दुसरा आधी पोहोचतो. मग उशिरा आलेला 'मऊ भात' त्याच्यावर लिहिला जातो. प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक असेल आणि लिहितानाच तपासलं जात असेल की जुना क्रमांक नव्यावर बसत नाही ना, तरच हे टळतं. ही तपासणी आधी करून उपयोग नाही, त्या क्षणीच व्हायला हवी.

क्लाउडफ्लेअरची गोष्ट वेगळी. बॉट ओळखणाऱ्या भागासाठी त्यांची एक फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होऊन जगभरच्या सर्व्हरवर जाते. डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक बदल झाला, त्यामुळे फाइलमध्ये नोंदी दुबार यायला लागल्या आणि ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी झाली. ती वाचणारा प्रोग्रॅम कोसळला. रिफ्रेश वेळेवर होत होता, अगदी घड्याळ लावून. पण येणारा माल खराब होता आणि तो तपासल्याशिवाय आत घेतला गेला. शेवटी नवी फाइल पाठवणं थांबवलं आणि आधीची चांगली फाइल परत लावली, तेव्हा गाडी रुळावर आली.

यावरून बरेच जण एक धडा काढतात: गडबड झाली तर शेवटची चांगली प्रत दाखवा. वेबसाइटसाठी हा धडा शंभर टक्के बरोबर. बातम्यांची साइट अर्धा तास जुनी दिसणं, काहीच न दिसण्यापेक्षा बरं.

हॉस्पिटलच्या स्क्रीनसाठी मात्र हा धडा अर्धाच बरोबर आहे. सिनेमांची यादी आणता आली नाही? कालची दाखवा. आहार आणता आला नाही? कालचा अजिबात दाखवू नका. तिथे एकच वाक्य हवं: 'माहिती सध्या उपलब्ध नाही, कृपया सिस्टरना विचारा.' रिकामी जागा बघून माणूस विचारायला जातो. चुकीचं उत्तर बघून जात नाही. हा निर्णय तंत्रज्ञानाचा कमी आणि वैद्यकीय जास्त आहे. तो कोड लिहिणाऱ्या मुलावर सोडून चालणार नाही, हॉस्पिटलने स्वतः घ्यायला हवा.

आधीच्या पेशंटची माहिती

आतापर्यंत जुन्या माहितीबद्दल बोललो. आता दुसऱ्याच्या माहितीबद्दल.

२५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमिंग दुकानावर हल्ला झाला. वाढलेला भार पेलायला कॅशेची सेटिंग बदलली गेली, ती चुकीची होती. त्यामुळे एकाच्या अकाउंटचं पान दुसऱ्याला दिसायला लागलं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ३४,००० लोकांच्या पानांवर परिणाम झाला. २० मार्च २०२३ ला चॅटजीपीटीत अनेकांना दुसऱ्यांच्याच चॅटची शीर्षकं दिसली. कारण होतं कॅशेसाठी वापरलेल्या एका ओपन सोर्स लायब्ररीतला बग. अर्धवट सोडलेल्या विनंतीचं उत्तर पुढच्या माणसाला जात होतं.

हॉस्पिटलमध्ये हे घडायला बगही लागत नाही. प्रत कुठल्या नावाने ठेवली एवढंच पुरतं. ती 'बेड ४१२' या नावाने ठेवली, तर पेशंट बदलला तरी बेड तोच राहतो. सकाळी एक पेशंट डिस्चार्ज होतो, मावशी चादर बदलतात, दुपारी दुसरा येतो. चादर बदलली, कॅशे नाही. नव्या पेशंटला समोर जुन्याचं नाव आणि तपासणी दिसते. म्हणून प्रत पेशंटच्या नोंदणी क्रमांकाने ठेवायची, बेडच्या नव्हे. डिस्चार्जच्या निरोपाबरोबर टॅब्लेटमधलं सगळं पुसायचं. आणि रिपोर्टसारखी गोष्ट मुळात साठवायचीच नाही. वेबमध्ये त्यासाठी 'नो-स्टोअर' नावाची सूचना कधीपासून आहे. वापरायची इच्छा हवी.

एखाद्याला एचआयव्हीचे उपचार चालू आहेत, एखादीचा गर्भपात झालाय, कुणी मानसोपचार घेतंय. आपल्याकडे शेजारच्या गावातला माणूस पुढच्याच दिवशी त्याच बेडवर येऊ शकतो. ही भीती कागदोपत्री नाही.

कायदा काय म्हणतो?

भारताचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे साधारण मे २०२७.

या कायद्याची चर्चा आपल्याकडे 'डेटा लीक झाला तर २५० कोटींपर्यंत दंड' एवढ्यावरच थांबते. पण त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, तुमच्या डेटावरून तुमच्याबद्दल निर्णय होणार असेल, तर तो डेटा पूर्ण, अचूक आणि सुसंगत असेल हे बघणं डेटा ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे. दोन, ज्या कामासाठी डेटा घेतला ते संपलं की तो पुसायचा, दुसऱ्या कायद्याने तो ठेवणं आवश्यक नसेल तर.

माझं वाचन असं: मुख्य सिस्टीममध्ये 'एनबीएम' आणि त्याच हॉस्पिटलच्या स्क्रीनवर 'मऊ भात', ही सुसंगत माहिती नव्हे. आणि केस पेपर जपून ठेवावे लागतात म्हणून बेडजवळच्या टॅब्लेटमध्ये पडलेली प्रत जपायचं काही कारण नाही. तिचं काम डिस्चार्जला संपलं. 'आमच्या व्हेंडरची चूक' हे उत्तरही चालणार नाही, कारण व्हेंडरकडून काम करून घेतलं तरी कायद्यात जबाबदारी हॉस्पिटलचीच राहते.

मग हॉस्पिटलांनी काय मागावं?

अशा सिस्टीमचे दोन डेमो मी पाहिलेत. दोन्हीकडे स्क्रीन किती इंची, सिनेमे किती, भाषा किती, यावर तासभर बोलणं झालं. आहार बदलल्यावर तो किती सेकंदांत दिसतो, हा प्रश्न दोन्हीकडे कुणी काढला नाही.

खरं तर चारच गोष्टी मागायच्या आहेत. प्रत्येक वैद्यकीय माहितीशेजारी 'शेवटचं अपडेट: १०:४२' अशी वेळ. माहिती ठरलेल्या वेळेपेक्षा जुनी झाली तर ती आपोआप लपणं. डिस्चार्जनंतर स्क्रीन पूर्ण पुसली गेल्याचा पुरावा. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम नेटवर्क काढून घेऊन चाचणी. यातलं काहीही महाग नाही, मोठं संशोधनही नाही. फक्त विकत घेणाऱ्याने विचारायला हवं.

तुम्ही काय करू शकता?

घरातलं कुणी ॲडमिट झालं की फोन-टॅब्लेटची जबाबदारी आपोआप तुमच्याकडे येते, हे मला माहीत आहे. म्हणून एवढं लक्षात ठेवा.

स्क्रीनवर सिनेमा खुशाल बघा. जेवण, पाणी, औषध, तपासणीची वेळ यातलं काहीही असेल तर आधी सिस्टरना विचारा, मग करा. रूममध्ये गेल्यावर स्क्रीनवरचं नाव आपल्याच पेशंटचं आहे का ते बघा. दुसऱ्याचं दिसलं तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, ती कुणाची तरी खासगी माहिती आहे. स्टाफला दाखवा आणि लेखी तक्रार द्या. डिस्चार्जच्या दिवशी ओटीटी किंवा मेलचं लॉगिन केलं असेल तर आधी ते काढा, मग बॅगा उचला.

आणि कुठलीही माहिती स्क्रीनवर दिसली की एक प्रश्न विचारायची सवय लावा: ही कधीची आहे? उत्तर त्याच स्क्रीनवर लिहिलेलं नसेल, तर ती माहिती जुनी आहे असंच धरून चाला.